अ‍ॅम्प सिम्युलेटरमधून चांगला गिटार टोन कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅम्प सिम्युलेटर म्हणजे गिटार अ‍ॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. महागडं प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा असा सिम्युलेटर) घेतलं, शंभर प्रीसेट (तयार सेटिंग) चाळले, तरी गिटार खऱ्या अ‍ॅम्पसारखी वाजत नाही, अशी तक्रार सतत येते. अशा वेळी बहुतेक जण अ‍ॅम्पचं मॉडेल बदलत बसतात. दोष मात्र जवळपास नेहमी त्या मॉडेलच्या अलीकडे किंवा पलीकडे सापडतो: सिग्नल कोणत्या पातळीवर आत येतोय, पुढे कॅबिनेट (स्पीकरची पेटी) कोणतं लागलंय आणि आपण ते कशावर, किती मोठ्याने ऐकतोय. उत्तरांचा क्रम साधारण त्याच वाटेने ठेवला आहे.

१. सुरुवातीला काय काय घ्यावं लागतं? खर्च कुठे करावा?

इलेक्ट्रिक गिटार, इन्स्ट्रुमेंट इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र), कॉम्प्युटर, वायरचा हेडफोन आणि सॉफ्टवेअर. पैसे इंटरफेस आणि हेडफोनवर घाला, सॉफ्टवेअर फुकटात मिळतं. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांचं न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर, म्हणजे सगळे ज्याला ‘नॅम’ म्हणतात ते, मोफत आणि मुक्तस्रोत आहे. लोकांनी खऱ्या अ‍ॅम्पवरून बनवलेली त्याची हजारो मॉडेलं मोफत मिळतात. कॅबिनेटसाठी इग्नाइट अ‍ॅम्प्सचं नॅडआयआर मोफत आहे. रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येतं. एवढ्या सामग्रीवर टोन जमला नाही, तर विकतच्या प्लगइनवरही जमणार नाही. ते आधी इथेच जमवा.

ब्लूटूथ हेडफोन मात्र चालणार नाही. त्याचा उशीर इतका असतो की तालात वाजवणंच अशक्य होतं.

२. गिटार इंटरफेसला लावली, पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतोय. का?

गिटार लाइन इनपुटला लागली आहे किंवा ‘इन्स्ट्रुमेंट’चं बटण दाबलेलं नाही. तारांचं कंपन टिपणाऱ्या साध्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला पुढे सुमारे १ मेगाओहमचा इनपुट लागतो. लाइन इनपुट साधारण १० किलोओहमच्या आसपास असतो. पिकअपवर इतका भार पडला की तीव्र स्वर तिथेच मरतात आणि नंतर इक्यूने (स्वरपट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) ते परत येत नाहीत. इंटरफेसवर ‘इन्स्ट’, ‘हाय-झेड’ किंवा गिटारचं चित्र असलेलं बटण शोधा. काही इंटरफेसमध्ये ते सॉफ्टवेअरच्या पॅनेलमध्ये लपलेलं असतं. ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (माइकला वीज देणारी सोय) बंद ठेवा, गिटारला त्याची गरज नाही.

३. आवाज एकाच कानात येतो, शिवाय डिस्टॉर्शनच्या (फाटलेल्या आवाजाच्या) मागे गिटारचा कोरडा टणटण आवाजही ऐकू येतो. काय बिघडलंय?

काहीही बिघडलेलं नाही, दोन सेटिंग चुकली आहेत. एक, ट्रॅकचा इनपुट ‘स्टीरिओ १/२’ आहे, तो ‘मोनो १’ करा. दोन, इंटरफेसचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ चालू आहे. त्यामुळे प्लगइनमधून न गेलेला सिग्नलही थेट हेडफोनमध्ये येतो. ते बटण बंद करा. मिक्सचा नॉब असेल तर तो पूर्ण ‘प्लेबॅक’कडे फिरवा. रेकॉर्ड केलेलं ऐकताना टोन वेगळा वाटतो, या तक्रारीमागेही अनेकदा हेच कारण निघतं.

४. इंटरफेसचा गेन (इनपुटची बढत) किती ठेवायचा? कोणी ‘लाल दिव्याच्या जरा खाली’ म्हणतं, कोणी ‘शून्यावर’.

शून्यावर ठेवा. कारण समजून घ्या, कारण अर्ध्याहून अधिक तक्रारी इथेच सुटतात.

खऱ्या अ‍ॅम्पला तुमची गिटार थेट लागते. सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचा) पिकअप हळू बोलतो, हंबकर (दोन वेटोळ्यांचा) मोठ्याने, आणि अ‍ॅम्प त्याप्रमाणे कमी-जास्त फाटतो. इंटरफेसवर प्रत्येक गिटारचा गेन ‘लालच्या जरा खाली’ आणून ठेवला, की हा फरक पुसला जातो. मग सिंगल कॉइलची स्ट्रॅटोकास्टरही अ‍ॅम्पला हंबकरसारखी ढकलते आणि क्लीन प्रीसेट कडेला कुरकुरायला लागतो. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये असेल तर सिग्नल कमी पातळीवर आल्याने काही नुकसान होत नाही, त्यामुळे ‘मीटर भरलं पाहिजे’ ही जुनी सवय सोडून द्या.

गेन शून्यावर असताना इंटरफेसचा कमाल इनपुट किती, हे माहितीपत्रकात डीबीयूमध्ये (सिग्नलच्या पातळीचं एकक) दिलेलं असतं. स्कार्लेट २आय२ या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत इन्स्ट्रुमेंट इनपुटसाठी तो १२.५ डीबीयू आहे. प्लगइन कोणत्या आकड्यावर बेतलंय ते त्याच्या मदतपानावर पाहा आणि दोन आकड्यांतला फरक प्लगइनच्या इनपुट नॉबने भरून काढा. समजा प्लगइन १२ डीबीयूवर बेतलेलं आहे आणि इंटरफेस १८ डीबीयूचा आहे, तर तुमचा सिग्नल ६ डेसिबलने खाली पोहोचतो, म्हणून प्लगइनचा इनपुट ६ डेसिबलने वाढवा. इंटरफेसचा आकडा लहान असेल तर तेवढा कमी करा. नॅमच्या सेटिंगमध्ये हा आकडा थेट भरता येतो. मॉडेलमध्ये पातळीची नोंद असेल तर बाकीचं गणित ते स्वतः करतं.

अपवाद: गेन शून्यावर असूनही जोरात वाजवल्यावर लाल दिवा लागत असेल, तर पॅडचं (सिग्नल कमी करणारं) बटण वापरा किंवा पिकअप तारांपासून थोडा खाली करा. अ‍ॅक्टिव्ह पिकअपच्या बाबतीत हे बरेचदा होतं. इनपुटलाच कापला गेलेला सिग्नल पुढे कशानेही दुरुस्त होत नाही.

५. तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो. बफर किती ठेवू?

बफर म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी जमवून मग पुढे पाठवतो तेवढा आवाज, तो सॅम्पलमध्ये मोजतात. वाजवताना ६४ किंवा १२८ सॅम्पल. ४८ किलोहर्ट्‌झला १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद, पण हा उशीर आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा लागतो. वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हरचा वेगळा. एकूण १० मिलिसेकंदांच्या आत राहिलात तर हाताला त्रास होत नाही. हवेत आवाज १ मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर अ‍ॅम्पपासून साडेतीन मीटरवर उभं राहण्याइतका असतो.

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर टाका. एएसआयओ४ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर नाइलाजाचा मार्ग आहे. मॅकवर वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. बफर कमी केल्यावर आवाज तडतडत असेल तर लॅपटॉप चार्जरवर लावून पॉवर मोड ‘हाय परफॉर्मन्स’वर न्या, वायफाय बंद करून पाहा आणि प्लगइनमधलं ओव्हरसॅम्पलिंग उतरवा (प्रश्न १५). मिक्सिंग करताना बफर ५१२ किंवा १०२४ करायला हरकत नाही.

६. डिस्टॉर्शन लावलं की मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा आवाज येतो. गेन कमी करूनही जात नाही.

कॅबिनेट लागलेलं नाही. गिटारचा स्पीकर हा घरातल्या म्युझिक सिस्टिमच्या स्पीकरसारखा सपाट नसतो. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० ची अधिकृत श्रेणी ७० ते ५,००० हर्ट्‌झ आहे. त्यावरचं जवळपास सगळं तो गिळतो. अ‍ॅम्पमधून निघणारं डिस्टॉर्शन मुळात कर्कशच असतं, स्पीकर ते माणसात आणतो. तो मधून काढला की उरतं ते पोळं.

उपाय म्हणजे अ‍ॅम्पनंतर कॅबिनेटचा आयआर, म्हणजेच इम्पल्स रिस्पॉन्स, लावणं. एका विशिष्ट स्पीकरचा, एका विशिष्ट माइकने, एका विशिष्ट जागेवरून घेतलेला तो ध्वनिठसा असतो आणि साध्या डब्ल्यूएव्ही फाइलच्या रूपात मिळतो. नॅमच्या प्लगइनमध्ये मॉडेलच्या खाली त्याची वेगळी जागा आहे.

याच्या उलट चूकही तितकीच होते. मॉडेल ‘फुल रिग’ प्रकारचं असेल तर कॅबिनेट आणि माइक त्यातच आलेले असतात. त्यावर पुन्हा आयआर लावला की एका कॅबिनेटमागे दुसरं कॅबिनेट लागतं आणि आवाज गढूळ, कोंडलेला होतो. मॉडेल उतरवताना ‘अ‍ॅम्प हेड’ की ‘फुल रिग’ ही खूण पाहा, निम्म्या शंका तिथेच मिटतात.

७. हजारो आयआर आहेत. निवडायचा कसा?

टोनमध्ये सर्वांत मोठा बदल इथे होतो, अ‍ॅम्प बदलून होतो त्याहून मोठा. म्हणून अर्धा तास नीट द्या.

आधी आठ-दहा सेकंदांचा एक रिफ कोरड्या स्वरूपात रेकॉर्ड करून लूपवर ठेवा. हातात गिटार घेऊन आयआर निवडू नका. प्रत्येक वेळी तुम्ही वेगळं वाजवता आणि कान हाताला माफ करत राहतो. अ‍ॅम्पचे सगळे टोन नॉब मधोमध, रिव्हर्ब-डिले बंद. मग एकच स्पीकर आणि एकच माइक धरा. उदाहरणार्थ व्हिंटेज ३० आणि शुअर एसएम५७. त्याच्या फक्त माइकच्या जागा बदलून ऐका. स्पीकरच्या मधल्या टोपीवर रोखलेला माइक तिखट, धारदार असतो. तो टोपीच्या कडेला सरकला की बहुतेकांना ‘रेकॉर्डवरचा’ वाटणारा आवाज मिळतो, आणि आणखी बाहेर शंकूकडे गेला की आवाज काळपट, जाड होत जातो. फाइलच्या नावात ‘कॅप’, ‘कॅप एज’, ‘कोन’ असं बहुधा लिहिलेलं असतं. ‘कॅप एज’पासून सुरुवात करा.

स्पीकरमध्ये व्हिंटेज ३० मध्यावर पुढे येतो आणि जड रिफला शोभतो, तर ग्रीनबॅक मऊ आणि जुन्या रॉकच्या वळणाचा. रॉयर आर-१२१ सारखा रिबन माइक टोकं घासून गुळगुळीत करतो.

एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. दोन आयआरची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी करा. १ डेसिबलने मोठा असलेला पर्याय कानाला हमखास ‘चांगला’ वाटतो. पाच-सहा आयआर निवडून बाकी फोल्डर नजरेआड करा. दोन हजारांच्या ढिगात फिरत राहिलं की कान दहा मिनिटांत थकतो आणि निवड चुकते.

८. माझा रिदम टोन एकट्याने भारी वाटतो, पण रेकॉर्डिंगमध्ये ढिसाळ होतो. रेकॉर्डवरचा घट्टपणा कसा येतो?

तीन गोष्टींनी.

गेन उतरवा. रेकॉर्डवर जो भरगच्चपणा ऐकू येतो तो बहुतेकदा कमी गेनच्या दोन किंवा चार गिटारींचा मिळून असतो. तुम्ही एका गिटारीत तेवढं भरायला जाता आणि प्रत्येक स्वराची सुरुवात पुसली जाते. कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू येईपर्यंत गेन खाली आणा.

तोच भाग दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे. पहिला ट्रॅक कॉपी करून थोडा सरकवणं ही पळवाट आहे. मोनोमध्ये, म्हणजे एका स्पीकरच्या मोबाइलवर, ते दोन्ही एकमेकांना खातात आणि गिटार पोकळ होते.

जड टोनसाठी अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह पेडल लावा: ड्राइव्ह शून्य, लेव्हल जवळपास पूर्ण, टोन मध्यावर. इथे पेडलचं काम फाडण्याचं नाही. त्याच्या सर्किटमध्ये ७२० हर्ट्‌झच्या खालच्या भागाला कमी बढत मिळते, त्यामुळे अ‍ॅम्पमध्ये खालचा चिखल कमी शिरतो आणि पाम म्यूट (तारा तळहाताने दाबून छेडलेले स्वर) ठोस बसतात. खालचा भाग अ‍ॅम्पनंतर इक्यूने कापून हा परिणाम मिळत नाही, कारण तोवर तो डिस्टॉर्शनमध्ये मिसळून गेलेला असतो.

९. सतत ‘हुंऽऽऽ’ असा आवाज येतो. प्लगइन खराब आहे का?

नाही, हा आवाज घरातल्या विजेचा आहे आणि गेन त्याला फक्त मोठा करतो. तारांना हात लावून पाहा.

हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर गिटारची वायरिंग ठीक आहे आणि तुम्ही खोलीतला विद्युत गोंधळ पकडताय. सिंगल कॉइलमध्ये हे व्हायचंच, आपल्याकडे ५० हर्ट्‌झ आणि त्याच्या पटींत. गिटार मॉनिटरकडे तोंड करून धरू नका. जागच्या जागी गोल फिरा, एखाद्या कोनात आवाज स्पष्टपणे पडतो. मग पंख्याकडे लक्ष द्या. गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर सर्वांत जास्त किरकिर करतो. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद करून ऐका. स्वस्त एलईडी दिवे आणि डिमर हेही तसेच. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करूच नका.

हात लावल्यावर आवाज वाढत असेल किंवा तारांना हलकी झिणझिण लागत असेल, तर अर्थिंगचा प्रश्न आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला तर गुन्हेगार सापडला. दोन पिनांचा चार्जर, किंवा तीन पिनांचा असूनही सॉकेटमध्ये अर्थिंगच जोडलेलं नाही, ही नेहमीची कारणं. रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर चालवा, पण सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आवाज जावा म्हणून अर्थिंगची पिन कापणं किंवा सोडवणं जीवघेणं आहे, ते कोणीही सुचवलं तरी करू नका.

१०. नॉइज गेट लावलं तर स्वर मध्येच तुटतो.

थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीखाली गेट आवाज बंद करतं ती, फार वर आहे. प्रश्न ९ मधले उपाय आधी करा, उरलेल्या आवाजासाठीच गेट. ते अ‍ॅम्पच्या आधी लावा, कारण तिथे तुमचं वाजणं आणि खरखर यांतलं अंतर सर्वांत जास्त असतं. तारा दाबून धरा, इनपुट मीटर पाहा. खरखर उणे ६५ डेसिबलवर दिसत असेल तर थ्रेशोल्ड उणे ६० च्या आसपास ठेवा. रिलीज (गेट बंद व्हायला लागणारा वेळ) रिफसाठी ५० मिलिसेकंदांच्या जवळ, लांब सुरांच्या सोलोसाठी २०० च्या पुढे.

११. अ‍ॅम्प आणि कॅबिनेटनंतर इक्यू कुठे लावायचा?

८० ते १०० हर्ट्‌झच्या खालचं हाय-पास फिल्टरने काढा, तो भाग बास गिटार आणि किक ड्रमचा. वर ८ ते १० किलोहर्ट्‌झला लो-पास, म्हणजे त्यावरचं काढा. तरी शिट्टीसारखी बारीक भुणभुण राहिली, तर अगदी अरुंद पट्टा १० डेसिबल वर उचलून ३ ते ६ किलोहर्ट्‌झमध्ये हळूहळू फिरवा. जिथे कान टोचेल तिथे थांबून तोच पट्टा ३-४ डेसिबल खाली न्या. असे दोन कट पुरेत. सात-आठ लागत असतील तर आयआर चुकलाय, प्रश्न ७ कडे परत जा.

१२. घरी हेडफोनवर जबरदस्त, पण बँडबरोबर किंवा मोठ्या स्पीकरवर गिटार हरवते. असं का?

हळू आवाजात कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. ती भरपाई म्हणून आपण बास-ट्रेबल चढवतो आणि मिडल उतरवतो. आवाज मोठा झाला की बास घुमतो, ट्रेबल टोचतो आणि गिटार जिथे राहते तो मध्यच गायब असतो. शेवटचं सेटिंग नेहमी मोठ्या आवाजात, ड्रम आणि बासच्या ट्रॅकबरोबर करा. एकट्याने ऐकताना किंचित नाकातला वाटणारा टोन बँडमध्ये बरोबर जागेवर बसतो.

१३. प्रीसेट विकत घेतला, पण व्हिडिओसारखा वाजत नाही.

बनवणाऱ्याचा पिकअप, इनपुट पातळी आणि हात वेगळे आहेत. पातळी प्रश्न ४ प्रमाणे जुळवा, मग फक्त गेन आणि आयआर बदला. आणि तारा पाहा. मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात साध्या निकेलच्या तारा काही आठवड्यांत गंजायला लागतात. मेलेल्या तारेतली चकाकी कोणतंही प्लगइन परत आणत नाही. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा, किंवा कोटिंगच्या तारा लावा.

१४. क्लीन टोन निर्जीव, काचेच्या तुकड्यासारखा वाटतो.

‘पूर्ण स्वच्छ’ हा हट्ट सोडा. ज्याला आपण सुंदर क्लीन म्हणतो तो अ‍ॅम्प बहुतेकदा फाटण्याच्या उंबरठ्यावर असतो. हळू छेडल्यावर स्वच्छ आणि जोरात छेडल्यावर किंचित खरखरीत, इथपर्यंत गेन वाढवा आणि पुढचं काम गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर सोपवा. कॅबिनेटनंतर अगदी थोडा, लहान खोलीचा रिव्हर्ब द्या. हेडफोनमध्ये गिटार कपाळावर चिकटल्यासारखी वाटते ती त्याने समोर जाते.

१५. ओव्हरसॅम्पलिंग चालू ठेवावं का?

ओव्हरसॅम्पलिंग म्हणजे प्लगइनने आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर काम करणं. जड डिस्टॉर्शनवर हो, फायनल रेंडरला (गाणं फाइल म्हणून बाहेर काढताना) तरी नक्की. त्याने उंच स्वरांच्या बेंडमध्ये (तार ओढून स्वर चढवताना) मागे ऐकू येणारे उलटे सरकणारे बेसूर आवाज कमी होतात. सराव करताना प्रोसेसर दमत असेल तर बंद ठेवा. सगळ्या प्लगइनमध्ये ही सोय नसते.

१६. कार्यक्रमात लॅपटॉप कुठे जोडायचा?

पीए सिस्टिमला (कार्यक्रमाच्या ध्वनिक्षेपकांना) थेट द्यायचा तर कॅबिनेट चालू ठेवा. गिटार अ‍ॅम्पच्या मागच्या ‘इफेक्ट्स रिटर्न’मध्ये द्यायचा तर आयआर बंद करा, कारण पुढे खरा स्पीकर आहे. अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटला प्लगइनमधला पूर्ण अ‍ॅम्प देऊ नका, प्रीअ‍ॅम्पवर प्रीअ‍ॅम्प चढतो. पीएला देताना हाय-पास १२० हर्ट्‌झपर्यंत वर न्या, मंडप आणि हॉल दोन्हीकडे खालचा भाग घुमतो.

१७. दोन आयआर एकत्र लावले की आवाज पातळ होतो. दोन्ही एकेकटे छान आहेत.

दोन माइक स्पीकरपासून वेगवेगळ्या अंतरावर होते, म्हणून एकाचा ठसा काही सॅम्पल उशिरा सुरू होतो आणि काही स्वर एकमेकांना रद्द करतात. एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करा. आवाज जाड झाला तर तसंच ठेवा. नाहीतर आयआर लोडरमधल्या डिलेने एक आयआर थोडा थोडा सरकवत सर्वांत भरीव जागा शोधा. एकाच संचातले आयआर बहुधा आधीच जुळवलेले असतात, वेगवेगळ्या संचांतले नाहीत.

१८. सगळं बरोबर आहे, पण फझ मात्र खऱ्यासारखा वाजतच नाही. व्हॉल्यूम उतरवला तरी स्वच्छ होत नाही.

हा खरा अपवाद आहे आणि दोष तुमचा नाही. फझ म्हणजे जाड, खरबरीत डिस्टॉर्शनचं पेडल. त्यातल्या फझ फेस जातीच्या पेडलचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा) खूप कमी असतो. तो पिकअपवर भार टाकतो, गिटारचा व्हॉल्यूम नॉब त्या भाराशी खेळतो आणि त्यातूनच तो गोड, स्वच्छ होत जाणारा आवाज येतो. प्लगइनमधल्या फझला मात्र १ मेगाओहमच्या इनपुटमधून आलेला, पिकअपपासून तोडलेला सिग्नल मिळतो, त्यामुळे तो जास्त टोकदार वाजतो. गिटारचा टोन नॉब ६-७ वर आणला की काही अंशी काम भागतं. पूर्ण उपाय एकच: खरा फझ इंटरफेसच्या आधी लावा, मध्ये दुसरं कोणतंही पेडल न घालता, आणि बाकीचा अ‍ॅम्प सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. फझचा आउटपुट गिटारपेक्षा बराच मोठा असतो, म्हणून जोडल्यावर इनपुटचा लाल दिवा पुन्हा एकदा तपासा.